चार्जर कुठे थांबतो?

रेडिओ-नियंत्रित विमानांच्या छंदात नव्याने शिरलेला माणूस पैसे कोणत्या क्रमाने खर्च करतो, हे पाहण्यासारखे असते. आधी विमान येते. मग रेडिओ, त्याचे चॅनल जितके जास्त तितके समाधान मोठे. मग मोटर, स्पीड कंट्रोलर, दोन-तीन बॅटऱ्या. आणि शेवटी, पाकिटात जे काही उरले असेल त्यात बसेल तो चार्जर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, काउंटरवर चार्जरबद्दल विचारला जाणारा प्रश्नही ठरलेला: किती वेळात भरतो?

आमच्या मते क्रमही चुकतो आणि प्रश्नही. नवशिक्याचे विमान पहिल्या महिन्यातच बाभळीत अडकते किंवा नाकावर आपटते, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे फारसे नाही. तो शिकण्याचाच भाग आहे. बॅटरी नीट वापरली तर काही हंगाम टिकते. चार्जर मात्र चांगला घेतला तर पाच विमाने आणि डझनभर बॅटऱ्यांना पुरून उरतो. त्या सगळ्या बॅटऱ्यांचे आयुष्य त्याच्या हाती असते, आणि ज्या खोलीत तो चालतो त्या खोलीची सुरक्षितताही. म्हणून त्याची परीक्षा वेगावर करू नये. तो नेमका कुठे थांबतो, आणि आपले लक्ष नसतानाही तिथेच थांबतो का, हे विचारावे.

एकेकाळी या प्रश्नाला फारसे वजन नव्हते. आपल्याकडे अनेकांची मॉडेल विमानांशी पहिली ओळख एनसीसीच्या एअर विंगमध्ये झाली. बाल्साचे लाकूड, कागद, डोप, आणि ग्लो इंजिनातून येणारा मिथेनॉल व एरंडेलाचा तो वास. उडण्याची ताकद इंधनातून यायची. बॅटरी लागायची ती रिसीव्हर, सर्व्हो आणि ट्रान्समीटरपुरती, शिवाय ग्लो प्लग तापवायला दीड व्होल्टचा एक सेल. निकेल-कॅडमियमचा ६०० एमएएचचा पॅक ६० मिलीअँपिअरच्या चार्जरला रात्री लावायचा, चौदा-सोळा तासांनी काढायचा. काढायला दोन-चार तास उशीर झाला तर निकेलचा सेल जरा कोमट व्हायचा, जादा वीज उष्णतेत घालवायचा आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने काम करायचा. ‘रात्रभर चार्जिंगला लावून झोपणे’ ही सवय त्या काळातली आहे, आणि ती पिढ्यांच्या अंगात मुरली आहे.

विजेच्या मोटरवर विमान उडवायची हौसही तशी जुनीच. ३० जून १९५७ रोजी ब्रिटनमध्ये कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे विमान विजेवर उडवले. अशा प्रकारचे अधिकृत नोंद झालेले पहिले रेडिओ-नियंत्रित उड्डाण म्हणून ते ओळखले जाते. त्यातली बॅटरी चांदी-जस्ताची होती, म्हणजे सर्वसामान्य छांदिष्टाच्या आवाक्याबाहेरची. पुढची चाळीस वर्षे विजेची विमाने उडत राहिली, पण वजनाने दमलेली. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिचेच मऊ पाकिटातले रूप, लिथियम-पॉलिमर ऊर्फ लिपो, या छंदात आले. मग चित्र भराभर पालटले. ज्या संशोधनावर हे सगळे उभे आहे त्यासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज ग्लो इंजिन न पाहिलेली मुले उत्तम विमाने उडवतात.

पण या नव्या बॅटरीचा स्वभाव जुनीसारखा नाही. लिपो जादा वीज उष्णतेत घालवू शकत नाही. तिच्या एका सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.७ आणि पूर्ण भरल्यावरचे ४.२०. त्याच्यावर गेले की आतले द्रावण विघटित होऊ लागते, वायू साठतो, ऋणाग्रावर लिथियम धातू साचू लागतो आणि पाकीट फुगते. त्याहून पुढे ढकलत राहिले तर आग. खालच्या बाजूलाही अशीच वेस आहे: भाराखाली सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याची कायमची हानी होते. सारा खेळ या दोन रेषांमधला. उतरताना ती रेषा सांभाळणे वैमानिकाच्या हाती, चढताना ती चार्जरने सांभाळायची.

तो ती दोन टप्प्यांत सांभाळतो. आधी ठरलेला विद्युतप्रवाह स्थिर ठेवून बॅटरी भरतो आणि व्होल्टेज आपोआप चढत जाते. सेल ४.२० ला पोचला की चार्जर व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि प्रवाह हळूहळू कमी होऊ देतो. काठोकाठ भरायच्या घागरीवरचा नळ पाणी गळ्याशी आले की बारीक करतात, तसे. प्रवाह सुरुवातीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आला की काम संपते आणि चार्जर थांबतो. थेंब थेंब चालू ठेवण्याची जी पद्धत निकेलला चालते ती इथे अजिबात नाही.

घाईच्या चार्जिंगातून वाटतो तेवढा वेळ का वाचत नाही, हेही यातूनच कळते. २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरने भरणे याला १ सी म्हणतात. प्रवाह दुप्पट केला तर पहिला टप्पा निम्म्या वेळात उरकतो, पण सेल लवकर ४.२० ला पोचतो आणि शेवटचा बारीक धारेचा टप्पा लांबतो. बॅटरीच्या वेष्टनावर ‘५ सी पर्यंत चार्ज करा’ असे छापलेले असते. ते शक्य आहे, शहाणपणाचे आहे असे नाही. घरी १ सी, मैदानावर फार तर दीड-दोन, एवढ्यावर ज्याचे भागत नाही त्याने आणखी एक बॅटरी घ्यावी. वेगवान चार्जरपेक्षा ती स्वस्त पडते.

आता खरी मेख. विमानात एकच सेल क्वचित असतो. ३ एस म्हणजे तीन सेल एकामागोमाग जोडलेले, पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट. जाड लाल-काळ्या तारांतून चार्जरला फक्त ही बेरीज दिसते. आणि बेरीज फसवू शकते: ४.०५, ४.१० आणि ४.४५ यांचीही बेरीज १२.६०च होते. चार्जर समाधानाने थांबेल आणि तिसरा सेल मात्र धोक्याच्या रेषेच्या बराच वर असेल. म्हणूनच बॅटरीला जाड तारांखेरीज बारीक तारांचा एक पांढरा कनेक्टर असतो, बहुधा जेएसटी-एक्सएच जातीचा. त्यातून चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो आणि जो पुढे पळतो आहे त्याची थोडी वीज रोधातून जाळून त्याला मागे आणतो. हा कनेक्टर न लावता चार्जिंग करता येते, चार्जरच्या यादीत तसा पर्यायही असतो, आणि तो पर्याय यादीत का ठेवतात हे आम्हाला आजवर समजलेले नाही.

सेल समतोल करण्याचा वेग हा चार्जरच्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेला, कोणी न वाचलेला आकडा. या छंदातला सर्वांत परिचित चार्जर म्हणजे चीनमधल्या स्कायआरसीचा आयमॅक्स बी-६. त्याचा समतोल प्रवाह सेलमागे ३०० मिलीअँपिअर आहे. ५००० एमएएचच्या पॅकमध्ये एक सेल पाच टक्के पुढे असेल, तर २५० एमएएच जाळायला त्याला पाऊण तासाहून जास्त लागेल. लहान बॅटऱ्यांना हे पुरते, मोठ्या पॅकला कंटाळवाणे होते. त्यापेक्षा स्वस्तातले, तीन दिवे असलेले बी-३ सारखे चार्जर तर बारीक कनेक्टरमधूनच प्रत्येक सेल वेगळा भरतात. कल्पना चांगली आहे, आणि एखाद्या शाळकरी मुलाच्या एकुलत्या एक २ एस बॅटरीला तो चालतोही. पण त्याला पडदा नाही. तो काय करतो आहे हे दिव्याच्या रंगावरून ओळखायचे. जो चार्जर प्रत्येक सेलचा आकडा दाखवत नाही तो घेऊ नये, असे आमचे मत आहे.

आकडा दाखवणे एक, तो खरा असणे दुसरे. बी-६ च्या इतक्या नकला बाजारात आहेत की अस्सल ओळखणे अवघड. काही नकला बऱ्या असतात. काहींचे अंशांकन कारखान्यात कोणी केलेलेच नसते, चार्जरला ४.२० वाटते तेव्हा सेल प्रत्यक्षात ४.२५ वर असतो. पन्नास मिलीव्होल्ट म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण प्रत्येक चार्जिंगला ते पन्नास मिलीव्होल्ट बॅटरीचे आयुष्य कुरतडत राहतात. जगभरच्या हौशी मंडळींनी या चार्जरसाठी ‘चीली-चार्जर’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर लिहिले, त्यामागची एक सोय हीच की अंशांकन आपले आपण करता यावे. तेवढ्या खोलात सगळ्यांनी जायची गरज नाही. बरा मल्टिमीटर घ्यावा, चार्जिंग संपल्या संपल्या बारीक कनेक्टरच्या पिनांवर प्रत्येक सेल मोजावा, आणि चार्जरच्या पडद्याशी ताडून पाहावा. एक-दोन शतांश व्होल्टचा फरक सोडून द्यावा. त्याहून जास्त असेल तर चार्जर परत करावा, किती का नामवंत असेना. मोजताना दोन टोके एकमेकांना टेकली तर ठिणगी उडते, एवढे भान ठेवले म्हणजे झाले.

डब्यावर मोठ्या अक्षरात छापतात ते अँपिअर. ‘पाच अँपिअरचा आहे, काहीही चार्ज करा,’ असे दुकानदार सांगतो आणि तो खोटे बोलत नसतो, फक्त अर्धेच बोलतो. पहायचे असतात ते वॉट. बी-६ चे कमाल अँपिअर पाच आहेत आणि कमाल वॉट पन्नास. ३ एस २२०० ला १ सी ने भरायला १२.६ गुणिले २.२, म्हणजे सुमारे २८ वॉट लागतात. तिथे तो आरामात पुरतो. पण ६ एस ५००० ला २५.२ गुणिले ५, म्हणजे १२६ वॉट लागतात. तिथे हाच चार्जर दोन अँपिअरवर अडतो आणि तासाभराच्या कामाला दोन-अडीच तास घेतो. चार्जर घेताना आज हातात असलेली बॅटरी धरू नये, दोन वर्षांनी घ्यावीशी वाटेल ती धरावी आणि हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करावा.

गुणाकार तिथेच संपत नाही, कारण चार्जरलाही वीज लागते. काहींच्या पोटात घरगुती २३० व्होल्टचा पुरवठा बसवलेला असतो, काहींना बाहेरून १२ ते २४ व्होल्ट द्यावे लागतात. दुसऱ्या जातीच्या चार्जरवर छापलेले वॉट अनेकदा वरच्या इनपुट व्होल्टेजलाच मिळतात. १२६ वॉट बाहेर हवे असतील आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आत दीडशे वॉट यायला हवेत. १२ व्होल्टला ते साडेबारा अँपिअर होतात. सीसीटीव्हीसाठी मिळणारा १२ व्होल्ट १० अँपिअरचा पुरवठा इथे धापा टाकतो, आणि मग लोक चार्जरला दोष देतात. पुरवठा २४ व्होल्टचा घ्यावा आणि त्यात तिसरी, अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे ना, ते पाहावे. जुन्या वाड्यांतल्या सॉकेटमध्ये तिसरे भोक शोभेपुरते असते.

मैदानावर वीज नसते. तिथे यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी नेणारे पुष्कळ आहेत. कागदावर ती ८४ वॉट-तासांची. लेड-ॲसिड अर्ध्याच्या खाली उतरवू नये म्हणून हाती येतात ४२. वीस टक्क्यांवर आलेली ३ एस २२०० भरायला तोटा धरून साधारण २३ लागतात. म्हणजे एकदा पक्के, दुसऱ्यांदा जेमतेम. गाडीची बॅटरी जास्त देते, पण ती इंजिन सुरू करायला बनवलेली असते, खोलवर उपसायला नाही. ६ एस चे पॅक बॉनेट उघडून दोनदा भरले की संध्याकाळी गाडी ढकलायला माणसे लागतील, तेव्हा मित्रांना लवकर घरी जाऊ देऊ नये.

रसायनाची निवड हा चार्जरवरचा सर्वांत धोकादायक मेनू. लिपो ४.२० ला थांबते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे लाइफे, ३.६० ला. हाय-व्होल्टेज लिपो ४.३५ ला. रिसीव्हरसाठी वापरायची २ एस लाइफे बॅटरी चुकून लिपोच्या पर्यायात लावली तर चार्जर तिला ७.२ वर थांबवायचे सोडून ८.४ पर्यंत नेईल, आणि तो आपल्या परीने अगदी बरोबर वागत असेल. निकेलचा पर्याय याहून वाईट. निकेल सेल भरला की त्याचे व्होल्टेज शिखरावरून किंचित उतरते आणि तो उतार पाहून चार्जर थांबतो. लिपोमध्ये असा उतार येतच नाही. निकेलच्या पर्यायात लावलेली लिपो चार्जर ओतत राहतो, सेलची सहनशक्ती संपेपर्यंत. चांगले चार्जर सुरू होण्यापूर्वी दोन आकडे शेजारी दाखवतात: मला किती सेल आढळले आणि तुम्ही किती सांगितले. हे दोन आकडे वाचल्याशिवाय बटण दाबण्याची सवय ज्याला आहे त्याच्या हाती कितीही महागडा चार्जर दिला तरी फरक पडत नाही.

आता आपल्या हवामानाकडे येऊ, कारण परदेशी पुस्तिकांत हा भाग नसतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर उडवणे जवळपास बंद असते. मे अखेरच्या रविवारी मंडळी सगळ्या बॅटऱ्या भरून ठेवतात, पाऊस येतो, बॅटऱ्या कपाटात जातात आणि दसऱ्याच्या आसपास निघतात त्या फुगून. त्यात बॅटरी बनवणाऱ्याचा दोष नसतो. पूर्ण भरलेला लिथियम सेल आतून ताणलेल्या अवस्थेत असतो. त्याचे रासायनिक वय झपाट्याने वाढते, आणि उष्णता त्याला हातभार लावते. मुक्कामाची जागा सेलमागे ३.८० ते ३.८५ व्होल्ट, म्हणजे साधारण अर्धी भरलेली. जवळपास प्रत्येक संगणकीय चार्जरवर ‘स्टोरेज’ असा पर्याय असतो. तो बॅटरी कमी असेल तर भरतो, जास्त असेल तर उतरवतो आणि तिथे थांबतो. आपल्याकडे हे बटण चार महिन्यांसाठी तर लागतेच, पण शनिवारी भरून रविवारी वाऱ्यामुळे न उडवलेल्या बॅटऱ्यांसाठीही लागते.

आणि नेमका इथेच स्वस्त चार्जर उघडा पडतो. भरायला पन्नास वॉट असलेल्या बी-६ ची उतरवण्याची ताकद पाच वॉट आहे. पूर्ण भरलेल्या ३ एस २२०० मधून मुक्कामाच्या पातळीवर यायला बारा-एक वॉट-तास काढावे लागतात, म्हणजे अडीच तास. ६ एस ५००० मधून पंचावन्न काढायचे तर अकरा तास. चार अशा बॅटऱ्या असतील तर माणूस पहिल्या रात्रीच कंटाळतो आणि उरलेल्या तीन भरलेल्याच ठेवतो. चार्जर घेताना उतरवण्याचे वॉट कोणीही विचारत नाही. आमच्या अनुभवात बॅटऱ्या अपघातांपेक्षा या कंटाळ्यामुळे जास्त मरतात.

यावर एक देशी तोडगा आहे आणि तो गॅरेजवाल्याकडे मिळतो. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब, त्याला होल्डर आणि बॅटरीला बसेल असा एक्सटी-६० कनेक्टर. ३ एस वरची तीच वीज हा बल्ब अर्ध्या-पाऊण तासात काढतो. ६ एस साठी ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब. बल्बला थांबणे माहीत नसते, म्हणून बारीक कनेक्टरवर छोटा बझर लावायचा, तो ३.८ वर लावून ठेवायचा आणि तो वाजेपर्यंत जागेवरून उठायचे नाही. काच चांगलीच तापते. प्लॅस्टिकच्या टेबलावर ठेवू नये. शेवटचा समतोल हवा असेल तर नंतर चार्जरवर ‘स्टोरेज’ला लावावे, काम मिनिटांचे उरते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सेल मोजावेत. कोकण-गोव्याच्या दमट हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो, तोही तेव्हाच पुसून घ्यावा.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर भरू नयेत असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि विदर्भातल्या मे महिन्यात सावलीतली हवाच तिथे पोचते. बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. नुकत्याच उतरलेल्या विमानातली बॅटरी हाताला गरम लागत असेल तर ती निवेपर्यंत चार्जरला लावू नये. भरताना मात्र लिपो गार किंवा जेमतेम कोमट राहायला हवी. भरताना तापणारा पॅक आजारी असतो. टोरांटो किंवा मिनेसोटात राहणाऱ्या मराठी मंडळींची अडचण याच्या उलट. शून्याखाली गेलेला सेल भरला तर लिथियम आत मुरायच्या ऐवजी धातू होऊन साचते आणि ती इजा बाहेरून दिसत नाही. हिवाळ्यात गॅरेजमधून आणलेली बॅटरी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मग चार्जर.

एकाच वेळी चार-सहा बॅटऱ्या भरणाऱ्या समांतर पट्ट्या हल्ली लोकप्रिय आहेत. त्या बेकायदेशीर नाहीत, मूर्खपणाच्याही नाहीत, पण नवशिक्याच्या नाहीत. पट्टीवर बॅटऱ्या जोडल्या क्षणी त्या एकमेकींत वीज ओतू लागतात. एक रिकामी आणि एक भरलेली असेल तर तो लोंढा अडवायला चार्जर मध्ये नसतो. सेलची संख्या सारखी, सेलमागे फरक ०.१ व्होल्टच्या आत, आधी जाड कनेक्टर आणि मग बारीक, हा क्रम चुकला की पट्टी धुरावते. शिवाय चार्जरला सहा बॅटऱ्या एकच वाटतात, त्यांतली आजारी कोणती हे तो सांगू शकत नाही. थांबण्याची अक्कल असलेल्या यंत्राला आपणच आंधळे करावे, हे आम्हाला पटत नाही. वेळ वाचवायचा असेल तर दोन किंवा चार स्वतंत्र वाहिन्यांचा चार्जर घ्यावा.

क्रम साध्या जोडणीतही असतो. जुन्या पद्धतीच्या तारेला चार्जरच्या बाजूने दोन उघड्या बनाना पिना असतात. आधी त्या चार्जरमध्ये खोचायच्या, मग दुसऱ्या टोकाला बॅटरी. काढताना आधी बॅटरी. उलटे केले तर बॅटरी जोडलेल्या तारेच्या दोन उघड्या पिना टेबलावर लोळत असतात, आणि त्या एकमेकींना भेटल्या की काय होते ते सांगायला नको.

आगीबद्दल बोलताना अतिरेक दोन्ही बाजूंनी होतो. एक जण बॅटरीला हात लावायला घाबरतो, दुसरा ती पलंगाखाली भरत ठेवून सिनेमाला जातो. २०२२ मध्ये पुण्यात भर रस्त्यात एक विजेवरची स्कूटर पेटल्याचे चित्रण देशभर पाहिले गेले. रसायन त्याच कुळातले, आणि स्कूटरच्या बॅटरीला निदान धातूचे आवरण आणि स्वतःची देखरेख यंत्रणा असते. विमानाच्या लिपोला मऊ पाकिटाखेरीज काहीच नसते. वजन वाचवण्यासाठी ते मुद्दामच तसे ठेवलेले असते. तिची देखरेख यंत्रणा म्हणजे टेबलावरचा चार्जर आणि शेजारी बसलेला माणूस. फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर, उघड्या खिडकीशी, मडक्यात किंवा अग्निरोधक पिशवीत बॅटरी ठेवावी आणि त्याच खोलीत बसून पुस्तक वाचावे. पेटलीच तर आधी मेन्स बंद. कोरड्या पावडरच्या अग्निशामकाने ज्वाळा दबतात पण सेलच्या आतली प्रक्रिया थांबत नाही. उष्णता काढून घ्यायला भरपूर पाणी लागते, आणि छोटा पॅक कोंडायला कोरडी वाळू. धूर अंगावर घेऊ नये, त्यात हायड्रोजन फ्लोराइड असते.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विमान-संघ आम्हाला इथे विशेष काळजीचे वाटतात. स्पर्धा जवळ आली की एकच चार्जर, दहा बॅटऱ्या, वसतिगृहाची खोली आणि पहाटेचे तीन. विमानाचे गणित वहीभर असते, पण कोणती बॅटरी किती वेळा भरली, तिचा अंतर्गत रोध किती, हे कोणालाच ठाऊक नसते. बरेच नवे चार्जर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध मिलीओहममध्ये दाखवतात. नव्या पॅकचा आकडा वेष्टनावर मार्करने तारखेसह लिहून ठेवला आणि तो दुप्पट झाला की पॅक उड्डाणातून काढला, तर स्पर्धेच्या दिवशी ऐन चढाईत व्होल्टेज कोसळणार नाही. महाविद्यालयांनी चार्जिंगसाठी प्रयोगशाळेतला एक कोपरा, एक जबाबदार विद्यार्थी आणि एक वही ठरवून द्यावी, आणि वसतिगृहात चार्जिंगला सरळ बंदी घालावी. सांगणे कठोर आहे, पण वसतिगृहात झोपलेल्या बाकीच्या मुलांनी हा छंद निवडलेला नसतो.

परदेशातून नातेवाईकांकरवी बॅटऱ्या मागवणाऱ्यांसाठी एवढेच: प्रवासी विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, चेक-इनच्या बॅगेत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते. ३ एस २२०० सुमारे २४ ची, पण ६ एस ५००० थेट १११ ची होते. चार्जर मागवायला हरकत नाही, मात्र अमेरिकेत घेतलेल्याचा पुरवठा २३० व्होल्ट चालवून घेतो का ते त्याच्या तळावर वाचायला सांगावे.

राहिला प्रश्न मेलेल्या बॅटरीचा. तिथे चार्जर थांबतो आणि आपली व्यवस्थाही. फुगलेली, एखादा सेल परत परत मागे पडणारी, रोध वाढलेली बॅटरी पुन्हा भरू नये. तिला बल्बवर शून्यापर्यंत उतरवावे, तेही घराबाहेर, मग तारांची टोके एक-एक करून, दोन्ही एकदम कात्रीत न धरता, कापून चिकटपट्टीत गुंडाळावीत. यापुढे कुठे? ‘बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम, २०२२’ प्रमाणे बॅटरी बाजारात आणणाऱ्यांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी आहे, आणि वापरणाऱ्याने ती घरच्या कचऱ्यात मिसळू नये असे बंधन. प्रत्यक्षात मॉडेल विमानांच्या बॅटऱ्या विकणाऱ्या बहुतेक दुकानांत जुनी परत घ्यायला कोणी तयार नसते, आणि ती सुक्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत जाते. तिथे दाबली गेली की गाडीलाच आग लागू शकते. विक्रेत्यांनी नव्या बॅटरीवर जुनीसाठी थोडी सूट द्यावी आणि दुकानात वाळू भरलेला एक झाकणाचा डबा ठेवावा. क्लबांनी वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडाशी, सभासदांच्या मृत बॅटऱ्या एकत्र करून अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पोचवाव्यात. ‘स्टोरेज’चे बटण दाबायचा आठवडा तोच असतो, बाद करायच्या बॅटऱ्याही तेव्हाच हाती लागतात.